दर्या, दऱ्या आणि एक बिट

सरावलीहून, म्हणजे आपल्या डहाणूच्या पट्ट्यातून बोलतोय. तालुक्याच्या पश्चिमेला दर्या, पूर्वेला डोंगर नि दऱ्या. आपल्याला दोन्ही शब्द वेगळे कळतात. मोबाईलला कसे कळत असतील?

त्याला अक्षर दिसतच नाही, आकडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक नंबर आहे, आणि यूटीएफ-८ तो बाइट्समध्ये लिहितं. इंग्रजी 'ए'ला १ बाइट, देवनागरी चिन्हाला ३. काना, वेलांटी वेगळे मोजायचे बरं का! म्हणून 'सरावली' दिसायला चार अक्षरं, पण चिन्हं ६ आणि बाइट्स १८.

आता गंमत. साधा 'र' म्हणजे २२४, १६४, १७६. आपला मराठी 'ऱ' म्हणजे २२४, १६४, १७७. शेवटचा एक बिट बदलला की दर्याच्या दऱ्या!

खरी डोकेदुखी पुढे आहे. 'दऱ्या' दोन प्रकारे साठवता येतं. एक, 'ऱ' वापरून: १५ बाइट्स. दुसरं, साधा 'र', हलन्त आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह: १८ बाइट्स. स्क्रीनवर सेम टू सेम. समजा, यादीत 'गोऱ्हे' आडनाव एका पद्धतीनं भरलंय आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीनं शोधलंत. नुसते बाइट्स जुळवणारा सर्च सांगणार, नाव नाही. डोळ्यांना तर समोर दिसतंय! युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनही ही दोन रूपं एक करत नाही. तेव्हा मराठीसाठी ॲप बनवत असाल, तर सेव्ह करताना आणि शोधतानाही ते दुसरं रूप 'ऱ'मध्ये बदलून घ्या. दोन ओळींचं काम आहे, राव.