स्टोमाभोंवतालच्या त्वचेची निगा

आंतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर कांहीं रुग्णांना पोटावर केलेल्या नव्या मलद्वारावर, म्हणजेच स्टोमावर, पिशवी लावावी लागते. भोंवतालची कातडी लाल होऊन चुरचुरूं लागली, कीं घरचीं माणसें पिशवीच्या चिकट चकतीला दोष देतात. बहुधा खरें कारण असतें चकतीखालीं झिरपणारा मळ. लहान आंतड्यांतील पाचक रस तर कातडीच सोलून काढतात. ही झीज थांबविण्यासाठीं १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉ. टर्नबुल यांनीं कराया डिंक वापरला. तो ज्या झाडाचा, तो कांडोळ महाराष्ट्राच्या डोंगरांतहि वाढतो.

वडगांव रासाईसारख्या भीमाकांठच्या गांवीं उन्हाळ्यांत घामानें चकती लौकर सुटते, आणि पुण्याचीं मोठीं रुग्णालयें दूर. तेथें घरची निगाच मोलाची. त्वचा कोमट पाण्यानें धुवावी, टिपून कोरडी करावी. तेल व सुवासिक साबण वर्ज्य. ओलसर जागीं स्टोमासाठीं मिळणारी भुकटीच विरळ भुरभुरावी, उरलेली झटकावी. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आकुंचन पावत असतो. म्हणून वारंवार माप घेऊन चकतीचें भोंक त्याहून २-३ मिलिमीटरच मोठें कापावें. खाज वा आग होतांच चकती बदलावी. जखम चिघळल्यास डॉक्टरांस दाखवावें.

संकोचानें रुग्ण हें दुखणें लपवितो. घरच्यांनींच तें आपण होऊन विचारावें.