सोंग आणि फासा

दुसऱ्याचें सोंग घेण्याची हौस मनुष्यास केव्हां लागली हें सांगणें कठीण आहे; परंतु ती एकट्यानें भागत नाहीं, तिला सोबती लागतात, एवढें निश्चित. नाशिक जिल्ह्यांतील देवळ्याहून पश्चिमेची वाट धरून कळवण मागें टाकलें आणि सुरगाण्याच्या डोंगरपट्ट्यांत शिरलें, म्हणजे या हौसेचें एक थोर रूप पाहावयास मिळतें. त्याचें नांव बोहाडा. शेतीचीं कामें उरकल्यावर, पाऊस येण्यापूर्वींच्या महिन्यांत, आदिवासी वस्तीच्या गांवांतून संबळाच्या ठेक्यावर आणि मशालींच्या उजेडांत एकामागून एक मुखवटे रात्रभर नाचत येतात. गणपति येतो, शारदा येते, मारुति, वेताळ, रावण येतात, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचें युद्ध होतें. कालपर्यंत ज्यानें नांगर धरला त्याच्या मुखावर आज दशाननाचा मुखवटा चढतो. कित्येक ठिकाणीं अमुक सोंग अमुक घराण्याचें, अशी वहिवाट असते.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे सोंगांचा एक निराळा खेळ शिरला आहे. त्यांत मुखवटा नाहीं, वाद्य नाहीं, नाच नाहीं. चार-पांच माणसें टेबलाभोंवतीं बसतात, समोर कागद, पेन्सिल आणि कांहीं चमत्कारिक आकाराचे फासे असतात, आणि तीन-चार तास नुसतें बोलणें चालतें. बाहेरून पाहणारास ही गप्पांची बैठक वाटावी. इंग्रजींत या प्रकाराला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मराठींत त्याला सोंगांचा खेळ म्हणावयास हरकत नाहीं.

या खेळाचा उगम रणांगणांत आहे, हें ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. प्रशियांतील राइस्विट्झ या पितापुत्रांनीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं नकाशावर सैन्यें हलविण्याचा एक युद्धखेळ सिद्ध केला. पुत्राचे नियम १८२४ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत दोन्ही पक्षांच्या वर एक पंच असे. शत्रूचें काय दिसतें आणि काय दिसत नाहीं, हें तोच सांगे. पुढें १९६९ च्या सुमारास अमेरिकेंत डेव्ह वेस्ली याने एक युक्ति केली. खेळाडूंच्या हातीं पलटणी देण्याऐवजीं त्यानें त्यांना एका नगरांतील एकेक व्यक्ति वांटून दिली. त्या मंडळींपैकींच डेव्ह आर्नेसन आणि त्याचा सहकारी गॅरी गायगॅक्स यांनीं १९७४ सालीं ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. पहिली आवृत्ति अवघ्या एक हजार पेट्यांची होती. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कांहीं धार्मिक मंडळींनीं या खेळानें मुलें पिशाच्चपूजेस लागतात असा मोठा ओरडा केला. त्यास आधार मिळाला नाहीं, आणि खेळाचा खप मात्र वाढला. ओरडा करणारांस हा परिणाम बहुधा अपेक्षित नसावा!

खेळाची रीत थोडक्यांत अशी. एक जण सूत्रधार होतो, जग त्याचें. बाकीचे प्रत्येकीं एक पात्र घेतात आणि त्याचें बळ, चापल्य, काटकपणा, बुद्धि, शहाणपण व छाप हे सहा गुण कागदावर मांडतात. जुन्या नियमाप्रमाणें प्रत्येक गुणासाठीं तीन फासे टाकावयाचे. तीनही फाशांवर सहा पडून अठराचा आंकडा येण्याचा संभव २१६ मध्यें एक. म्हणजे भीम क्वचितच जन्मतो. बहुतेक पात्रें तुमच्या-आमच्यासारखीं दहा-अकराच्या आसपासचीं निघतात. सहा बाजूंच्या फाशाखेरीज चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही फासे लागतात. ग्रीक भूमितींतील पांच नियमित घनाकृति त्या ह्याच. जेथें निकाल संशयित असेल तेथें वीस बाजूंचा फासा टाकावयाचा. बाकी सर्व काम शब्दांचें.

पण रीत सांगून खेळ कळत नाहीं. समजा, देवळ्यांतील एका घराच्या माडीवर शनिवारीं रात्रीं चार जण बसले आहेत. औषधांच्या दुकानाचे मालक सूत्रधार आहेत. कांद्याच्या व्यापाऱ्याची कन्या, जिला सर्व ताई म्हणतात, ती गडकरी झाली आहे. हायस्कुलांतील एका शिक्षकांनीं, कोणास ठाऊक कशी, चोराची भूमिका पसंत केली आहे. आणि त्यांचाच एक माजी विद्यार्थी, देहानें किरकोळ असा कॉलेजकुमार, पहिलवान झाला आहे. स्थळ धोडपचा किल्ला. देवळ्याच्या नैऋत्येस सातमाळेच्या रांगेंत धोडपची ती कातळाची भिंत आणि तिला पडलेली खांच या सर्वांनीं लहानपणापासून पाहिली आहे. १७६८ सालीं थोरले माधवराव पेशवे आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांची लढाई याच धोडपपाशीं झाली. सूत्रधारानें त्या खांचेंत एक वेताळ बसविला आहे.

येथें पहिली अडचण येते ती भाषेची. पहिलवानानें चोराला ‘अरे’ म्हणावयास पाहिजे. परंतु तो चोर म्हणजे प्रत्यक्षांत ‘सर’! पहिले दोन शनिवार तो तरुण ‘सर, तुम्ही मशाल धरा’ असेंच म्हणत राहतो आणि खेळ लंगडतो. तिसऱ्या शनिवारीं प्रसंगाच्या भरांत ‘अरे, पळ ना!’ असे शब्द त्याच्या तोंडून निघून जातात. तो चपापतो. शिक्षक मात्र चोराच्या आवाजांत उत्तर देतात, ‘पळतोय, दादा!’ आणि त्या क्षणापासून बैठकीचा रंग पालटतो. आपल्या समाजांत वय, नातें आणि मान हीं क्रियापदाच्या प्रत्ययापर्यंत पोंचलेलीं असल्यामुळें इंग्रजी खेळाडूस जी पायरी जाणवतही नाहीं, ती मराठी खेळाडूस चढावी लागते. बोहाड्यांत मुखवटा हें काम करतो. येथें तें सर्वनामास करावें लागतें.

आतां वेताळाकडे वळूं. चोर त्याला थाप मारून खिंड ओलांडूं पाहतो. सूत्रधार म्हणतो, बारा किंवा अधिक पडल्यास वेताळ फसेल. म्हणजे वीसांत नऊ दान अनुकूल, शेंकडा ४५. फाशावर तीन पडतात. वेताळ खवळतो. ताईचा गडकरी जखमी होतो, आणि पहिलवान खिंडींत उभा राहून म्हणतो, ‘तुम्ही दोघे पुढें व्हा, मी याला धरून ठेवतों.’ वेताळाच्या प्रहाराचा फासा सूत्रधार उभ्या पुठ्ठ्याच्या आड टाकतो. तो कोणास दिसत नाहीं. दान असें पडतें कीं पहिलवान मेलाच पाहिजे. आठ महिने त्या तरुणानें हें पात्र वाढविलें आहे. माडीवर कोणी बोलत नाहीं. सर्व सूत्रधाराच्या तोंडाकडे पाहत आहेत, आणि खरा आंकडा त्याला एकट्यालाच ठाऊक आहे.

त्यानें काय करावें? या प्रश्नावर खेळाडूंमध्यें जगभर वाद आहे. एक पक्ष म्हणतो, खेळ आनंदासाठीं आहे. एक आंकडा बदलल्यानें कोणाचें नुकसान होतें? दुसरा म्हणतो, फाशाशीं लबाडी म्हणजे सर्वांशींच लबाडी. पहिला पक्ष दयाळू दिसतो खरा, पण त्याची दया महाग पडते. सूत्रधार वांचवितो असें एकदां कळलें, कीं खिंडींत उभें राहण्यांत शौर्य उरत नाहीं. त्या तरुणाच्या शब्दाची किंमत तो मरूं शकतो म्हणूनच होती. उलट, कोरडेपणानें ‘मेलास’ म्हणून पुढें जाणें हाही सूत्रधाराचा धर्म नव्हे. दान खरें सांगावें, आणि त्या दानाचा अर्थ लावतांना माणुसकी दाखवावी. पुठ्ठा बाजूस सारून फासा सर्वांसमक्ष ठेवावा आणि विचारावें, ‘पहिलवान शेवटीं काय म्हणतो?’

महाभारतांतील सभापर्वाची येथें आठवण होणें साहजिक आहे. तेथेंही फासे होते, डाव होता, आणि एकेक पायरीनें पणास लागलेलीं माणसें होतीं. परंतु त्या सभेंत निवाडा झाला नाहीं. पणास लावण्याचा अधिकार उरला होता काय, असें द्रौपदीनें विचारलें तेव्हां भीष्मांसारखे ज्ञाते धर्माची गति सूक्ष्म आहे म्हणून थांबले. शकुनीच्या फाशांवर सर्व दोष ढकलून मोकळें होणें सोपें. पण गप्प राहिलेल्या वडिलधाऱ्यांचा दोष त्याहून लहान नाहीं. या टेबलावरील सूत्रधारास ती सोय नाहीं. त्याला बोलावेंच लागतें, आणि तेंही त्याच क्षणीं.

बोहाडा आणि हा खेळ यांतील अंतरही येथेंच दिसतें. बोहाड्यांत महिषासुर दरवर्षीं पडतोच; पडावयाचें हें त्यालाही ठाऊक, प्रेक्षकांसही ठाऊक, आणि तरी पहांटेपर्यंत कोणी उठत नाहीं, कारण तेथें निकालाची उत्सुकता नसून देवीच्या येण्याची ओढ असते. टेबलावरच्या वेताळाचें तसें नाहीं. तो जिंकूं शकतो. एकाला श्रद्धा म्हणावें, दुसऱ्याला क्रीडा. दोहोंची गल्लत करून, हें आपल्याकडे पूर्वींपासून होतेंच असें म्हणण्याचा मोह टाळलेला बरा.

माडीवर त्या रात्रीं पहिलवान मरतो. शेवटचे शब्द तो तरुण कांहीं वेळ विचार करून, हलक्या आवाजांत बोलतो; ते विनोदी नसतात. पुढील शनिवारीं तो कोरा कागद घेऊन येतो आणि नव्या पात्रासाठीं तीन फासे उचलतो. तेवढ्यांत ताई त्याला थांबविते. तिच्या गडकऱ्यानें ठरविलें आहे, आधीं खिंडींतून पहिलवानाचा देह खालीं आणावयाचा. शिक्षक म्हणतात, ‘चोर पुढें जाईल. वाट त्याला माहीत आहे.’ सूत्रधार वेताळाचा कागद पुन्हा समोर ओढतो.