जुन्या संगणकांचें मंडळ

एखादें यंत्र जुनें झालें म्हणजे त्याच्यापुढें बहुधा दोनच मार्ग उरतात: एक भंगारवाल्याच्या दुकानाचा, दुसरा कपाटाचा. पहिल्यांत त्याचा तत्काळ नाश होतो. दुसऱ्यांत तें सुरक्षित राहतें अशी समजूत असते. ही समजूत किती फसवी आहे, हें कॅनडांतील टोरांटो शहरच्या एका हौशी मंडळाच्या हकीकतीवरून ध्यानांत येतें.

१९७७ सालीं कमोडोर कंपनीनें ‘पेट’ नांवाचा संगणक विक्रीस काढला. तोंपर्यंत संगणक म्हटला कीं तो मोठ्या कचेरींत किंवा विद्यापीठांत असावयाचा. पेटमध्यें पडदा, कळफलक व प्रोग्राम सांठविणारें कॅसेटयंत्र हीं सर्व एकाच पेटींत बसविलेलीं होतीं. यंत्र घरीं आलें खरें; पण तें चालवावें कसें, हें शिकविणारा गुरु घरीं कोठून यावा? या अडचणींतून त्याच दशकाच्या अखेरीस ‘टोरांटो पेट यूझर्स ग्रुप’ हें मंडळ जन्मास आलें. सभासद बैठकीस जमत, परस्परांस युक्त्या सांगत आणि प्रोग्राम फ्लॉप्यांवर उतरवून मंडळाच्या संग्रहांत ठेवीत. २००७ सालीं निवर्तलेले जिम बटरफील्ड यांनीं आपली विद्या लेखांतून व व्याख्यानांतून मुक्तहस्तें वांटली, ती याच परंपरेंत.

१९८२ सालचा ‘कमोडोर ६४’ एक कोटीहून अधिक खपला. तथापि एप्रिल १९९४ मध्यें कंपनीचें दिवाळें वाजलें. कारखाना बुडाला, मंडळ मात्र राहिलें. इतकेंच नव्हे, तर बंद पडलेला ‘वर्ल्ड ऑफ कमोडोर’ हा मेळा त्यानें २००४ पासून पुन्हां भरविला.

आतां त्याचें कार्य पालटलें. पूर्वीं नवें यंत्र शिकावयाचें होतें. पुढें जुनें जगवावयाचें आलें. कमोडोर ६४ चा वीज पुरविणारा ठोकळा जुना झाला कीं कित्येकदां पांच व्होल्टांहून अधिक दाब सोडतो, आणि बटण दाबतांच स्मृतीच्या चिप्स जळून जातात. अमिगा २००० मध्यें घड्याळासाठीं बसविलेली बॅटरी पाझरते व तिचा द्रव फलकावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. यंत्र कपाटांत निजलेलें असलें तरी हें चालूंच असतें. म्हणून जाणता हौशी प्रथम मीटर लावून वीज तपासतो, बॅटरी काढून टाकतो, आणि फ्लॉप्यांवरील मजकूर पुसट होण्यापूर्वीं त्याची नक्कल करून ठेवतो.

आजच्या संगणकावर जुन्याची हुबेहूब नक्कल चालते. मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न कोणी करील. परंतु नक्कल बरोबर उतरली कीं नाहीं, हें मूळ यंत्र चालतें असल्यावांचून ठरवावें कशावरून? कमोडोर ६४ मधील ‘सिड’ या नादनिर्मितीच्या चिपचेंच पाहा. तिच्या आरंभींच्या नमुन्यांत एका चिपचा स्वर दुसरीशीं तंतोतंत जुळत नाहीं. तो भेद कानानेंच ऐकावा लागतो.

महाराष्ट्रास ही गोष्ट अपरिचित नाहीं. मोडी दप्तरें शाबूत असलीं तरी वाचणारा नसला म्हणजे मुकीं होतात. कागद राखणें आणि वाचक घडविणें हीं दोन्ही कामें जोडीनेंच करावीं लागतात. जुन्या संगणकांचेंहि तसेंच आहे. ज्यांनीं तरुणपणीं हीं यंत्रें हाताळलीं, ते आतां वयोवृद्ध होत चालले आहेत. सुटे भाग नव्यानें घडवितां येतात. पण कोणता आवाज बिघाडाचा व कोणता नेहमींचा, हें हाताखालीं बसूनच शिकावें लागतें. मंडळाची खरी कसोटी याच ठिकाणीं आहे.

तेव्हां श्रोतेहो, कोणाच्या माळ्यावर असा एखादा संगणक असेल, तर कौतुकानें एकदम त्याची वीज जोडूं नये. आधीं एखाद्या जाणत्यास बोलवावें, आणि तो काम करीत असतां घरांतील एखाद्या मुलास शेजारीं बसवावें.