गाडीचा काटा आपल्यालाही वाचता यावा

आज गाडीच्या इंजिनाबद्दल बोलू या. ‘ते ड्रायव्हरचं काम’ म्हणून उठून जाऊ नका. गाडीचा हप्ता आपल्या बचतीतून जातो. मग इंजिन तापलं की नाही, हे आपल्यालाही कळायला हवं.

आम्ही भूम तालुक्यातल्या. गटाची जुनी पिकअप खवा घेऊन बार्शीला, धाराशिवला जाते. एप्रिल-मेचं ऊन, बालाघाटाचे चढ आणि मागं भरलेला माल, यात इंजिनाचा कस लागतो. बऱ्याच गाड्यांत तेलासाठी नुसता लाल दिवा असतो. दाब पार खाली गेल्यावरच तो पेटतो. तोवर इंजिन जाम व्हायची वेळ आलेली असते. काटा मात्र दाब उतरायला लागला की दाखवतो. म्हणून आम्ही वेगळे मीटर बसवून घेतले.

घ्यायचे कोणते? आधी पाण्याच्या तापमानाचा आणि तेलाच्या दाबाचा. पैसे उरले तर बॅटरीच्या व्होल्टचा. जास्त मीटरांची आरास नको.

यात दोन प्रकार मिळतात. नळीच्या ऑइल मीटरमध्ये गरम तेल बारीक नळीतून थेट डॅशबोर्डापर्यंत येतं. नळी फुटली तर ते आत बसलेल्यांच्या पायावर. दुसरा वायरीचा. त्याचा सेन्सर इंजिनात बसतो आणि आत फक्त वायर येते. आम्ही हाच घेतला. पण मीटर आणि सेन्सर एकाच जोडीचे घ्या. एकाचा मीटर अन् दुसऱ्याचा सेन्सर लावला, तर काटा खोटं दाखवतो. गाडी 12 व्होल्टची की 24 ची, ते बघा. सेन्सरचे आटेही जुळवून घ्या.

बसवताना आपल्यातली एक तरी बाई तिथं उभी राहू द्या. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढायला सांगा. लाल दिव्याचा जुना सेन्सर काढून टाकू देऊ नका. टी आकाराचा जोड लावून दोन्ही ठेवता येतात. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथं रबराचं कडं हवंच, नाहीतर ती घासून शॉर्ट होते. सायलेन्सरपासून ती लांब न्यावी. मीटरची लाइन चावीबरोबर चालू होणारी हवी, आणि मध्ये फ्यूज. एका वायरीचा सेन्सर आट्यांतून अर्थिंग घेतो, त्यामुळं त्यावर टेप भरमसाट गुंडाळू नये. शेवटी इंजिन चालू करून तेल-पाणी गळत नाही ना, ते बघा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

आता काटा वाचायचा कसा? बहुतेक गाड्यांचं पाणी साधारण 80 ते 95 अंशांत राहतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. तेलाचा दाब थंड इंजिनात जास्त असतो. इंजिन गरम होऊन गाडी नुसती उभी असली की तो कमी होतो आणि रेस दिल्यावर वाढतो. रेस देऊनही काटा तळाला राहिला, तर इंजिन तिथंच बंद. मुक्कामापर्यंत रेटायचं नाही. तापमान चढलं तर गाडी बाजूला घ्या. रेडिएटरचं झाकण मात्र गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं.

एक गोष्ट मनात पक्की ठेवा. पाणी सगळं गळून गेलं, तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा कमीच दाखवू शकतो. म्हणून मीटर असला तरी रोज सकाळी, इंजिन थंड असताना, तेल आणि पाणी बघायलाच हवं.

गटाच्या वहीत गाडीसाठी एक पान ठेवा. पहिला आठवडाभर सकाळचे, चढावरचे आणि परत आल्यावरचे आकडे त्यात लिहा. तेच आपल्या गाडीचं माप. पुढं काही बदललं की लगेच ध्यानात येतं, आणि मिस्त्रीशी बोलताना आपल्या हातात आकडा असतो. येत्या बैठकीला गाडी दारात उभी करा. ड्रायव्हरदादांना इंजिन चालू करायला सांगा आणि प्रत्येकीनं एकेक काटा वाचून बघा.