आधी धान्य, मग पावती

 

आज विषय घेतला आहे मशिनीचा. कोणी म्हणेल, महाराज, कीर्तनात मशीन काहून आणली? बाप्पा, मी कशाला आणू? ती आपल्या घरात कधीचीच येऊन बसली आहे.

जनाबाईची कथा तुम्हाला पाठ आहे. जनी दळायला बसली की देव तिच्या जोडीला जात्याचा खुंटा धरायचा. पुढं गावोगाव चक्की आली आणि पहाटे उठून दळणाऱ्या बाईची पाठ मोकळी झाली. वाईट झालं का? मुळीच नाही. हातानं सरकी काढायचे, ते काम आता जिनिंगमध्ये होतं. निंदणाच्या जागी तणनाशक आलं तेव्हा मात्र बायांची मजुरी गेली. तिथं नफा कोणाचा अन् तोटा कोणाचा, हे आपण विचारलंच पाहिजे. पण त्याहून नाजूक गोष्ट वेगळी आहे. मशीन कष्ट करते तोवर ती आपल्या घरचा गडी. ती निवाडा करू लागली, की सावध व्हावं.

चला, कंट्रोलच्या दुकानात जाऊ. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य हक्काचं झालं. ते घ्यायला पॉस मशीनवर अंगठा लावायचा. मशीन आली ती चांगल्या कामासाठी. मेलेल्याच्या नावावर धान्य उचलणारे जिवंत लोक होते की नाही? होते! त्यांना आळा बसला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला मजूर पुण्याला कामाला गेला, तर त्याच कार्डावर तिथंही धान्य मिळतं. चांगल्याला चांगलं म्हणावं.

पण आता जरा हाताकडं पाहा. जिनं चाळीस वर्षं पऱ्हाटी निंदली, बोंडाची वाळली टोकं बोटांत रुतत असताना कापूस वेचला, तिच्या अंगठ्यावर रेषा राहतील का? झिजतात, माउली! वय झालं की कातडी सुकते, रेषा आणखी पुसट होतात. म्हातारी अंगठा लावते, पदरानं पुसून परत लावते. मशीन म्हणते, ओळख पटली नाही. दुकानदार तिला ओळखतो. मागची सारी रांग तिला ओळखते. आणि सारे मिळून म्हणतात, "मशीन नाही म्हणते, आम्ही काय करू?"

ज्या कष्टानं रेषा गेल्या, त्याच कष्टामुळं धान्यही जावं?

आता दामाजीपंतांकडं या. वारीला गेलात की पंढरपूरहून मंगळवेढं जवळच. पंधराव्या शतकातली, बहामनी राज्यातली गोष्ट सांगतात. दुष्काळ पडला, लोक अन्नावाचून तडफडू लागले. कोठारं भरलेली, पण धान्य बादशहाचं. दामाजीपंतांच्या हातात किल्ल्या होत्या, हुकूम नव्हता. "हुकूम नाही, मी काय करू?" असं म्हणून ते घरी गेले असते, तर कायद्यानं कोणी बोट ठेवलं नसतं. त्यांनी कोठार उघडलं. बेदरला कळलं, शिपाई धरायला आले. तेव्हा पांडुरंग विठू महाराचं रूप घेऊन दरबारात गेला, मोहरा ओतल्या, साऱ्या धान्याची किंमत भरली.

इथं लक्ष द्या. देवानं पैसे भरले आणि पावती घेतली! देवाला हिशेब नको होता असं नाही. हिशेब चोख झाला. पण क्रम कोणता? आधी धान्य, मग पावती. आज आपण क्रम उलटा केला. आधी मशिनीची पावती, मग भाकरी.

आणि दामाजीपंतांना नव्हता तो हुकूम आज आपल्याकडं आहे, बरं का! २०१७ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं राज्यांना लेखी कळवलं, की अंगठा जुळला नाही किंवा नेटवर्क नाही म्हणून हक्काच्या माणसाला परत पाठवू नका. कार्ड पाहून धान्य द्या, वेगळ्या वहीत नोंद ठेवा. म्हणजे मशीन नाही म्हणाली तरी माणसानं हो म्हणायची वाट उघडी आहे. त्या वाटेनं चालायला माणूस पाहिजे.

तेव्हा माउली, पुढच्या महिन्यात रांगेत तुमच्या पुढची म्हातारी रिकामी पिशवी घेऊन वळली, तर तुम्ही मान खाली घालू नका. म्हणा, "मी हिला ओळखतो. वही काढा." नाहीच ऐकलं तर १९६७ या क्रमांकावर तक्रार लावून द्या, तहसीलच्या पुरवठा शाखेत तिच्यासोबत जा. तुमचा अर्धा दिवस जाईल, तिच्या घरी महिनाभर चूल पेटेल. हीच तुमची वारी.

मशिनीला अंगठा दिसतो. माणूस दिसायला माणूसच लागतो, आणि त्या माणसात विठ्ठल पाहायला संतांनी आपल्याला शिकवलं आहे.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!