प्रभूचा हात आणि आदामाचा हात



इ. स. १६०० हें रोम शहरीं ज्युबिलीचें वर्ष होतें. त्याच वर्षीं तेथील सान लुईजी या फ्रेंच लोकांच्या देवमंदिरांत कारावाज्जो (१५७१–१६१०) याचें ‘संत मत्तयाचें पाचारण’ हें चित्र लावण्यांत आलें. आपल्या ज्युबिलीप्रसंगीं आम्ही त्याकडे आपलें लक्ष वेधूं इच्छितों.

जकातनाक्यावर पांच असामी मेजाभोंवतीं बसले आहेत. त्यांचा पोशाख चित्रकाराच्या काळचा. प्रभु व पेत्र मात्र अनवाणी. खिडकी आहे, परंतु उजेड तींतून येत नाहीं. तो प्रभूच्या मस्तकावरून, अंधार कापीत, तिरपा येतो. छायाप्रकाशाची ही गोडी चित्रकारास लोंबार्दी प्रांतांतील पूर्वसूरींपासून लाभली; पुढें हॉलंडच्या टेरब्रुगेन यानें १६२१ सालीं हाच प्रसंग रंगवितांना ती उचलली.

आतां प्रभूचा हात पाहा. मायकेल अँजेलोनें सिस्तीन मंदिराच्या छतावर (१५०८–१५१२) रंगविलेल्या आदामाच्या हाताचीच ही ठेवण आहे. पहिल्या आदामानें जीवन घेतलें. हा नवा आदाम तें देतो. पेत्राची आकृति मागाहून घातली, असें क्ष-किरणांनीं दिसून आलें आहे. तिचा हात प्रभूच्या हाताचें अनुकरण करितो. कारण प्रभूचें पाचारण आम्हांस पवित्र ख्रिस्तसभेच्या द्वारें पोहोंचतें.

पांचांपैकीं तिघांनीं मान वर केली आहे. दोघांची नजर नाण्यांवरून हालत नाहीं. हांक मात्र एकाच खोलींत आली. या ज्युबिलींत आपली मान कोठें वळली आहे, हें प्रत्येकानें आपल्या अंतःकरणास विचारावें.