प्रयोगशाळा आणि पेढी

(ज्ञातिसंमेलनातील विद्यार्थी-सत्कार समारंभात दिलेले व्याख्यान)



आज ज्या मुलामुलींचा आपण श्रीफळ देऊन गौरव केला, त्यांच्यापुढे चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आम्हांस आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य प्राथमिक शाळेत खडू झिजविण्यात गेलेले. तेव्हा विज्ञानाविषयी आम्ही काही सांगावे हे शोभणार नाही. परंतु आमच्या हाताखालून गेलेले काही विद्यार्थी आज पुण्यामुंबईत व अमेरिकेत संशोधन करीत आहेत. सुटीत भेटावयास आले म्हणजे त्यांच्या तोंडून जी काळजी ऐकू येते, तिच्याविषयी बोलणे मात्र आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ती काळजी अशी. मुलगा एम्. एस्सी. होतो. पुढे पाच-सहा वर्षे पीएच्. डी. साठी खर्ची पडतात. त्यानंतर आणखी दोन-चार वर्षे दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत मुदतीच्या नेमणुकीवर काम करावे लागते. या अवस्थेतील संशोधकास 'पोस्टडॉक' म्हणतात. केंद्र शासनाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधकाची शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये व वरिष्ठाची ४२,००० रुपये केली आहे. रक्कम नगण्य नाही. पण तिला मुदत असते, आणि मुदत संपल्यावर प्राध्यापकाची जागा मिळेलच असे नाही. जागा थोड्या, उमेदवार फार. तोवर दुकानात बसलेल्या धाकट्या भावाचा संसार थाटलेला असतो आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "थोरला अजून शिकतोच आहे का?" हा प्रश्न किती बोचतो हे ज्याला विचारला जातो त्यालाच ठाऊक.

ही अडचण एकट्या आपल्या देशाची नाही. अमेरिकेतही डॉक्टरेट मिळविणाऱ्यांची संख्या फार आणि विद्यापीठांतील कायम जागा थोड्या. तेथील विद्यार्थ्यांनी तिच्यावर स्वतःच एक वाट शोधली. सेंट लुईस शहरी वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी व पोस्टडॉक यांनी २०१० च्या सुमारास 'बाल्सा ग्रुप' नावाची एक बिननफ्याची संस्था काढली. आपले संशोधन सांभाळून चार-पाच जणांनी एकत्र यावयाचे, एखाद्या नव्या उद्योगाचा प्रश्न काही आठवड्यांच्या बोलीवर हाती घ्यावयाचा आणि अखेरीस त्या उद्योजकास लेखी व तोंडी सल्ला द्यावयाचा, असा तिचा शिरस्ता. शोध लावला खरा, पण त्याला गिऱ्हाईक कोण, बाजार केवढा, दुसऱ्या कोणाचे पेटंट आड येते काय, किंमत किती ठेवावी, अशा प्रकारचे हे प्रश्न असतात. त्यामुळे उद्योजकास जाणकार माणसे मिळतात आणि विद्यार्थ्यास व्यवहाराचा अनुभव मिळतो. पुढे व्यवसाय-सल्ला देणाऱ्या मोठ्या पेढ्यांत, औषधांच्या कंपन्यांत वा स्वतःच्या धंद्यात शिरताना हा अनुभव त्याच्या गाठीशी राहतो.

त्या देशाच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने २०११ साली 'आय-कॉर्प्स' नावाची योजना सुरू केली, तीही याच धर्तीची. तीत तिघांची तुकडी असते: प्राध्यापक, त्यांचा संशोधक विद्यार्थी किंवा पोस्टडॉक, आणि धंद्यात मुरलेला एक मार्गदर्शक. सात आठवड्यांत या तुकडीने सुमारे १०० संभाव्य ग्राहकांस गाठून त्यांच्या मुलाखती घ्यावयाच्या असतात. आपला माल किती चांगला हे सांगत सुटण्यास तेथे मज्जाव. समोरच्याची अडचण काय ती ऐकून घ्यावयाची.

शास्त्रज्ञाने धंद्याला सल्ला द्यावा, ही कल्पनाही आजची नव्हे. आर्थर लिटल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८६ साली एका सहकाऱ्यासह बोस्टन येथे अशी पेढी काढली. या व्यवसायातील अगदी जुन्या पेढ्यांत तिची गणना होते. डुकराच्या कानापासून रेशमी बटवा होत नाही, अशी इंग्रजीत म्हण आहे. लिटलच्या पेढीने १९२१ साली डुकरांच्या कानांपासून धागा काढून खरोखरच बटवा विणून दाखविला! आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रशास्त्र विभाग १९३३ साली निघाला. रंग व औषधे करणाऱ्या कारखान्यांशी त्याचा निकटचा संबंध राहिला आणि तेथील प्राध्यापक कारखानदारांस सल्ला देत आले. पुण्यास १९५० साली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उघडली. तिच्याच आवारात २००७ पासून 'व्हेंचर सेंटर' ही नवोद्योगांस हात देणारी संस्था काम करीत आहे.

आता या कामात विद्यार्थी नेमके काय शिकतो, हे आपल्या कासार ज्ञातीच्या धंद्यातील उदाहरणाने सांगतो. समजा, एका संशोधकाने पितळेच्या भांड्यावर देण्याचा असा पातळ लेप शोधला की भांडे काळे पडू नये. प्रयोगशाळेत त्याने तो खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात शेकडो तास टिकवून दाखविला. त्याच्या दृष्टीने काम संपले. आता त्याला आपल्या एखाद्या जुन्या दुकानदारापुढे बसवा. दुकानदार विचारील: भांड्यामागे खर्च किती? बाईने चिंच व राख लावून घासले तर लेप राहील काय? आतून कल्हई करावयाची तर भट्टीच्या आचेत तो जळणार नाही ना? अन्न ठेवण्यास तो निर्धोक आहे, असा दाखला कोण देणार? गिऱ्हाईक दहा वर्षांनी हेच भांडे मोडीत घेऊन आले, तर मोडीचा भाव कमी होईल की नाही? हा शेवटचा प्रश्न कोणत्याही ग्रंथात सापडणार नाही; परंतु मोडीच्या भावावर नजर ठेवून भांडी घेणारी गृहिणी तो मनात विचारतेच. सहा आठवडे चार दुकाने व दोन कारखाने हिंडल्यावर कदाचित त्या मुलाच्या ध्यानात येईल की रोजच्या भांड्यांस या लेपाचा उपयोग नाही. समया, घंटा व शोभेच्या वस्तू यांस मात्र तो वरदान ठरेल. ही गोष्ट व्यापाऱ्यास समजेल अशा दोन पानांत त्याने लिहून दिली, की तो सल्लागार झाला.

प्रयोगशाळेत उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबता येते. पेढीवर दिवाळीपूर्वी माल भरावयाचा असतो. हाती असलेल्या अपुऱ्या माहितीवर अंदाज बांधून, तो कशावर बांधला हे प्रामाणिकपणे सांगून निर्णय द्यावा लागतो. हे शिक्षण आजच्या उच्च शिक्षणात फार थोड्यांच्या वाट्यास येते. आणि गंमत अशी की ज्या घरांत आजोबा तागडीशी बसून ते नित्य देत असत, त्याच घरांतील नातवंडे पुस्तकांपायी त्यास पारखी होत आहेत.

येथे कोणी म्हणेल की याने मुलांचे चित्त संशोधनावरून उडेल. ही भीती अगदीच निराधार नाही. म्हणून काही पथ्ये सांगतो. प्रबंधाचे मार्गदर्शक व संस्था यांची अनुमती घेतल्याखेरीज असे काम पत्करू नये. शिष्यवृत्तीचे नियम वाचावेत. ज्याने विश्वासाने धंद्याचे गुपित सांगितले, त्याचे गुपित दुसऱ्या दुकानी नेऊ नये. प्रयोगशाळेतील अप्रकाशित शोध परस्पर कोणास सांगू नये. जी मुले अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर आहेत, त्यांनी संस्थेबाहेरचे पगारी काम रीतसर परवान्याखेरीज मुळीच करू नये. विनामोबदला म्हणून सांगितलेले कामही विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कचेरीत विचारूनच स्वीकारावे. थोड्याशा अनुभवासाठी सारे शिक्षण धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे. आणि ज्याचे मन मूलभूत संशोधनातच रमते, त्याला कोणी ओढून पेढीवर बसवू नये. तशा माणसांचीही देशास गरज आहे.

आता मंडळास एक विनंती. आपला शिक्षणनिधी फी देतो, पुस्तके देतो, पदवी मिळाली की सत्कार करतो. येथे आपले साहाय्य संपते, आणि ज्या काळात संशोधकास सर्वांत एकटे वाटते तो नेमका पुढचा असतो. या कामी निधीतून फार पैसा लागणार नाही. ज्ञातीतील दुकानदार व कारखानदार यांच्याकडून मंडळाने त्यांचे अडलेले प्रश्न लिहून मागवावेत. ज्ञातीतील संशोधक मुलामुलींची यादी करावी. उन्हाळ्यात सहा आठवड्यांच्या मुदतीने दोघा-तिघांची एकेक तुकडी एकेका प्रश्नास लावावी. जाण्यायेण्याचा खर्च निधीने सोसावा, आणि पुढील संमेलनात प्रत्येक तुकडीने आपले निष्कर्ष, त्या व्यापाऱ्याच्या संमतीने, सर्वांपुढे वाचावेत. पहिल्या वर्षी दोनच तुकड्या निघाल्या तरी चालेल. मुलींनाही यात सारखीच जागा असावी. पितळेच्या भांड्याची परीक्षा घरात कोण करते, हे आपण जाणताच.

व्यापारी बंधूंस एवढेच सांगणे की मुलगा प्रथम येईल तेव्हा तुमचे हिशेब त्याला कळणार नाहीत आणि त्याचे शब्द तुम्हांस कळणार नाहीत. पंधरा दिवस धीर धरा. त्याला गल्ल्याजवळ बसवा, गिऱ्हाईक कसे भाव करते ते पाहू द्या. आणि घरी पाहुणा आलाच व थोरल्याविषयी विचारू लागलाच, तर सांगा की तो अमक्या कारखान्याचा प्रश्न सोडवीत आहे.

सूचना कार्यकारी मंडळाने विचारात घ्यावी अशी प्रार्थना करून आम्ही आमचे भाषण पुरे करतो.